पाठीवरील फवारणीचा पंप व त्यांत करावयाच्या सुधारणा

बैल विकत घ्यावयाचा असला तर आपण त्याचे दांत पाहतों, खांदा चाचपतों, दोन पावलें चालवून पाहतों. बियाणें घ्यावयाचें असलें तर मूठभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून त्यांची उगवण पाहतों. परंतु फवारणीचा पंप घेतांना दुकानदार सांगेल ती किंमत व डोळ्यांस दिसेल तो रंग, एवढ्यावरच सौदा पुरा होतो. पुढें तो पंप हंगामभर बहुधा दुसऱ्याच्या पाठीवर असतो. त्यामुळें तो कोठें गळतो, किती जड लागतो व अंगावर किती औषध आणून टाकतो, याची मालकास दादहि नसते. ह्या साध्या हत्याराकडे आमच्या वाचकांनीं एकदां नीट पाहावें व त्यांत कोणत्या सुधारणा सहज करण्यासारख्या आहेत हें ठरवावें, एवढ्याचसाठीं आम्ही हा लेख लिहीत आहों.

विषय लहान दिसला तरी क्षुल्लक नाहीं. सन २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करीत असतां विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले, आणि शेंकडों लोकांस रुग्णालयांत जावें लागलें. सरकारनें विशेष तपास पथक नेमलें. कारणें अनेक पुढें आलीं. त्या सालीं कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. कित्येकांनीं दोन-तीन औषधें एकत्र मिसळलीं होतीं. हातमोजे व तोंडावरील पट्टी फारच थोड्यांपाशीं होती. हें सर्व खरें. परंतु डब्यांतील विष माणसाच्या कातडीपर्यंत नेऊन पोंचविणारें साधन कोणतें, असा प्रश्न आपण स्वतःस विचारला, तर आपल्याच कोठींत भिंतीस टांगलेल्या पंपाकडे बोट दाखवावें लागतें.

हत्याराची जन्मकथा

पाठीवरील पंप मूळचा द्राक्षमळ्यांतला. सन १८७८ च्या सुमारास फ्रान्स देशांत द्राक्षवेलींवर अमेरिकेंतून आलेला केवडा रोग दिसूं लागला. बोर्दो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनीं मोरचूद व चुना यांचें मिश्रण त्यावर गुणकारी असल्याचें १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. तेंच आपलें बोर्डो मिश्रण. प्रथम तेथील मळेकरी हें मिश्रण बादलींत घेऊन लहानशा केरसुणीनें वेलींवर शिंपडीत. त्यांत मिश्रण फार जाई आणि पानाची खालची बाजू कोरडी राही. थोड्याच वर्षांत व्हर्मोरेल आदि कारखानदारांनीं पाठीवर बांधावयाचे, एका हातानें दांडा हापसावयाचे व दुसऱ्या हातानें फवारा मारावयाचे पंप तयार केले. मोरचूद लोखंडास खातें, म्हणून त्या पंपांच्या टाक्या तांब्याच्या असत. आपल्याकडे म्हैसूर संस्थानांत लेस्ली कोलमन यांनीं १९१० च्या सुमारास सुपारीच्या कोळेरोगावर ह्याच मिश्रणाच्या फवारणीचा पुरस्कार केला, आणि नाशिककडील द्राक्षबागांतहि तें रुळलें.

ह्या कथेंत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. हा पंप ज्या औषधासाठीं निघाला तें मोरचूद व चुना होतें. तें अंगावर सांडलें तर कपडा निळा होई, कातडी चरचरे. परंतु अंग धुतलें म्हणजे बहुधा तेवढ्यावर भागे. दुसऱ्या महायुद्धानंतर जीं फॉस्फरसयुक्त कीटकनाशकें प्रचारांत आलीं, तीं मात्र कातडींतून शरीरांत शिरतात व मज्जातंतूंचें कार्य बिघडवितात. औषध बदललें, पंपाची ठेवण मात्र तीच राहिली. पितळेच्या व तांब्याच्या जागीं प्लॅस्टिक आलें, वजन घटलें, किंमत उतरली. परंतु पाठीवर टाकी, पुढें दांडी, आणि स्वतःच्याच फवाऱ्यांत चालत जाणें, ही रीत शंभराहून अधिक वर्षें जशीच्या तशी चालत आहे. आमच्या मतें सुधारणेचा आरंभ येथूनच झाला पाहिजे. पंप चांगला कीं वाईट हें पानावर पडलेल्या थेंबांवरून जितकें ठरवावें, तितकेंच तो वाहणाऱ्याच्या सदऱ्यावरून ठरवावें.

निळीची परीक्षा

गेल्या हंगामांत आम्हीं आपल्याच शेतावरील पंपाची परीक्षा पाहिली. टाकींत औषध न घालतां स्वच्छ पाणी भरलें व त्यांत कपड्यांची नीळ मिसळली. आमच्या सालदारास पांढरा सदरा व पांढरा पायजमा दिला आणि कपाशीच्या दहा ओळी नेहमींप्रमाणें फवारण्यास सांगितलें. तो परत आल्यावर त्याचे कपडे पाहिले. पाठीच्या खालच्या भागीं वीतभर रुंदीचा निळा पट्टा होता. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत ओघळ होते. मांड्या व गुडघे पुढच्या बाजूनें निळ्या ठिपक्यांनीं भरून गेले होते. आम्ही चकित झालों. तो मात्र झाला नाहीं. तो म्हणाला, "मालक, हे तर रोजचंच आहे. रोज रंग नसतो, म्हणून दिसत नाही."

त्या शब्दांनीं आम्हांस मान खालीं घालावी लागली. तो पंप आम्हींच घेतला होता. तीन वर्षांत त्याचें एकहि वायसर आम्हीं बदललें नव्हतें. आणि तरीहि औषध जपून मार म्हणून रोज त्यालाच बजावीत होतों. पाठ, हात व पाय या तीन जागांच्या डागांनीं पंपाचे तीन दोष आम्हांस दाखविले. ते क्रमानें सांगतों.

पाठीवरचा पट्टा: झांकण व टाकी

टाकींतील द्रव जसजसा कमी होतो तसतशी वरून हवा आंत यावी लागते, म्हणून झांकणास बारीक छिद्र असतें. चांगल्या पंपांत ह्या छिद्राशीं रबराची पातळ झडप असते. ती हवा आंत घेते, परंतु द्रव बाहेर जाऊं देत नाहीं. आमच्या पंपाची ती झडप केव्हांच झडून गेली होती. कांहीं पंपांत ती चिकटून बसते, टाकीच्या बाजू आंत ओढल्या जातात व पंप पाणी धरीत नाहीं. मग गडी तापलेल्या खिळ्यानें झांकणास भोंक पाडतो. पंप चालूं लागतो खरा, परंतु त्या दिवसापासून प्रत्येक वांकण्याबरोबर औषध त्याच्या पाठीवर येतें. झडपेचा तो रबरी तुकडा व झांकणाखालचें रबरी कडें बदलणें हें अर्ध्या तासाचें काम आहे. त्याचप्रमाणें दट्ट्याचें वायसर झिजलें म्हणजे द्रव कडेनें वर चढून कमरेवर गळतो. हंगामाच्या आरंभीं तें नवें घालावें, व रबरी नळींचे सांधे पट्टीनें आवळावेत.

टाकीचें तोंड हाताचा पंजा सहज आंत जाईल इतकें रुंद असावें. तोंड अरुंद असलें म्हणजे भरतांना द्रव उसळतो, आणि टाकी आंतून धुतां येत नाहीं. गाळणी खोल असावी. उथळ गाळणी भरून वाहते, म्हणून गडी ती काढून ठेवतो, आणि मग नोझलांत कचरा अडकतो. वजनाचाहि विचार हवा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेतकी संघटनेनें घालून दिलेल्या किमान अटींत भरलेल्या पंपाचें वजन २५ किलोंहून अधिक नसावें असें म्हटलें आहे. १६ लिटरच्या पंपांत १६ किलो तर नुसतें पाणीच असतें. अरुंद पट्टा तेवढ्या वजनानें खांद्यांत रुततो, माणूस पुढें वांकून चालतो, आणि वांकला कीं झांकण गळतें. म्हणून खांद्याचे पट्टे निदान चार बोटें रुंद, द्रव न शोषणारे व लांबी कमीजास्त करतां येण्यासारखे असावेत.

हातावरचा ओघळ: दाब, चाप व दांडी

हातावर ओघळ कां येतो हें समजण्यास दाबाचें गणित थोडेंसें पाहिलें पाहिजे. हातपंपांचे ढोबळ मानानें दोन प्रकार आहेत. एकांत टाकी पाऊण भरून उरलेल्या जागेंत हवा कोंबतात व मग न हापसतां फवारतात. दुसऱ्यांत चालतां चालतां दांडा सारखा हापसावा लागतो, व द्रव लहानशा हवेच्या कोठींतून दांडीकडे जातो. कोठींतील हवा उशीप्रमाणें दबते व फुगते, त्यामुळें हापशाचे धक्के नोझलापर्यंत पोंचत नाहींत.

पहिल्या प्रकारांत श्रम कमी, परंतु दोष मोठा. समजा, १६ लिटरच्या टाकींत १२ लिटर द्रव व ४ लिटर हवा आहे, आणि त्या हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षां ३ वातावरणें अधिक, म्हणजे एकूण ४ वातावरणें, केला आहे. ४ लिटर द्रव फवारून झाल्यावर हवेस ८ लिटर जागा मिळते. एकूण दाब निम्मा, म्हणजे २ वातावरणें होतो. आणि द्रवास बाहेर ढकलणारा जादा दाब ३ वरून १ वर उतरतो. नोझलांतून पडणारा द्रव ह्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असतो. आरंभीं मिनिटास १ लिटर पडत असेल, तर आतां सुमारें ५८० मिलिलिटरच पडतो. म्हणजे एकाच टाकीनें फवारलेल्या पहिल्या ओळीस औषध अधिक व पुढच्या ओळींस कमी! दुसऱ्या प्रकारांत ही घसरण नाहीं, परंतु दाब माणसाच्या हाताच्या गतीवर अवलंबून राहतो. सकाळीं हात जोरांत चालतो व दुपारीं मंदावतो.

दाब उतरला कीं फवाऱ्याची छत्री नीट उघडत नाहीं, थेंब मोठे होतात, नोझल ठिबकूं लागतें. आणि उंच झाडाकडे दांडी वर धरली कीं तोच द्रव दांडीवरून ओघळत हातावर येतो. ह्यावर उत्तम उपाय म्हणजे चाप व नोझल यांच्यामध्यें बसविण्याची दाबनियंत्रक झडप. ठरलेल्या दाबापेक्षां दाब कमी झाला तर ती आपोआप बंद होते, म्हणून ठिबकणें थांबतें. दाब वाढला तर जादा दाब पुढें जाऊं देत नाहीं, म्हणून पिकास सर्वत्र सारखें औषध मिळतें. अशा झडपा १ ते ३ वातावरणांपर्यंतच्या निरनिराळ्या दाबांसाठीं मिळतात. तणनाशकासाठीं कमी दाबाची व कीटकनाशकासाठीं अधिक दाबाची घ्यावी. ती मिळेपर्यंत निदान दांडीवर, मुठीच्या वीतभर पुढें, रबराची घट्ट बसणारी गोल चकती चढवावी; ओघळ तेथेंच अडून खालीं पडतो. ही युक्ति आम्हीं जुन्या रबरी नळीच्या तुकड्यांतून केली व ती चांगली चालली.

पायांवरचे ठिपके: फवारा पुढें कीं मागें?

तिसरा दोष सर्वांत मोठा आहे, आणि तो झिजलेल्या वायसराचा नसून मूळच्या ठेवणीचा आहे. माणूस पुढें फवारतो व त्याच ओल्या पिकांतून चालत जातो. पाय, मांड्या, पोट हीं त्या पानांस घांसत जातात. पीक छातीपर्यंत आलें कीं छाती, आणि डोक्यापर्यंत आलें कीं तोंडहि त्यांत सांपडतें. यवतमाळच्या उंच कपाशींत हेंच झालें.

ह्या दोषावर विचार फार पूर्वीं झालेला आहे, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस नवी वाटेल. मध्य आफ्रिकेंत त्या काळच्या ऱ्होडेशियांतील कापूस-संशोधकांनीं, टन्स्टल व मॅथ्यूज यांनीं, १९६० च्या सुमारास हातपंपाचीच ठेवण बदलली. हातांतील दांडी काढून त्यांनीं टाकीच्या मागें एक उभी नळी बसविली व तिच्यावर खालपासून वरपर्यंत दोन्ही बाजूंस नोझलें लावलीं. माणूस दोन ओळींमधून पुढें चालतो, आणि फवारा त्याच्या पाठीमागें दोन्ही ओळींवर पडतो. तो सदा कोरड्या पिकांतून चालतो. ओलें पीक मागें राहतें. पीक लहान असतां खालचींच नोझलें उघडावयाचीं, वाढेल तसतशीं वरचीं जोडावयाचीं. नोझलें खालून वर तोंड करून असल्यामुळें पानाच्या खालच्या बाजूसहि, जेथें मावा व तुडतुडे असतात तेथें, औषध पोंचतें. पिकाचें व माणसाचें असें दोहोंचें हित त्यांत साधलें आहे. अनेक नोझलांस पंपाचा पुरवठा पुरला पाहिजे, म्हणून त्यांचीं छिद्रें लहान घ्यावीं लागतात व द्रव चांगला गाळावा लागतो. एवढीच त्यांत अडचण आहे. तालुक्याच्या गांवीं पंपदुरुस्ती करणाऱ्या कारागिरास ही जोडणी अवघड नाहीं. शेतकरी संघांनीं असे दोन-चार पंप करवून सभासदांच्या कपाशींत चालवून पाहावेत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

तोंवर हातांतील दांडीनेंच काम करावयाचें तर वारा एका बाजूनें येत असतां, वाऱ्याच्या खालच्या अंगास दांडी धरून, एकाच बाजूची ओळ फवारीत जावें. दांडी समोर डावीउजवीकडे हालवीत चालूं नये. पीक डोक्यापर्यंत वाढलें असेल तर पाठीवरील पंपानें त्यांत शिरूंच नये.

नोझल व थेंब

बारीक थेंब चांगला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. थेंबाचा व्यास निम्मा केला तर तेवढ्याच द्रवाचे ८ थेंब होतात, म्हणून पान अधिक झांकलें जातें. परंतु थेंब फार बारीक झाला तर तो खालीं पडत नाहीं, तरंगतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. २०० मायक्रॉनचा थेंब शांत हवेंत सेकंदास सुमारें ७० सेंटिमीटर खालीं येतो. ५० मायक्रॉनचा सुमारें ७ सेंटिमीटरच. सव्वा मीटर उंचीवरून पहिला दोन सेकंदांच्या आंत खालीं येईल. दुसऱ्यास सुमारें १८ सेकंद लागतील, आणि तेवढ्यांत सेकंदास २ मीटर वाहणारी झुळूक त्यास ३५ मीटर दूर नेईल. तो थेंब पिकाच्या उपयोगी नाहीं. तो शेजाऱ्याच्या शेतांत, विहिरीवर किंवा फवारणाऱ्याच्या नाकांत जातो. बॅटरीवर चालणाऱ्या पंपानें हापसण्याचे श्रम वांचतात हा गुण आम्हांस मान्य आहे. परंतु त्याचें झांकण, चाप व दांडी तींच आहेत, म्हणून वरील दोष त्यासहि लागू आहेत. इंजिनावर चालणारे धुकें पाडणारे पंप तर उंच पिकांत तें धुकें तोंडाशींच रेंगाळत ठेवतात.

नोझल झिजलें कीं खर्चहि वाढतो. एक हिशेब पाहा. माणूस सेकंदास १ मीटर चालतो व १ मीटर रुंदीचा पट्टा फवारतो, म्हणजे मिनिटास ६० चौरस मीटर. नोझलांतून मिनिटास ६०० मिलिलिटर पडत असेल तर एकरास सुमारें ४० लिटर द्रव लागेल. तेंच नोझल झिजून ९०० मिलिलिटर टाकूं लागलें तर ६० लिटर लागेल. म्हणजे औषधाचा खर्च दीडपट, आणि मालकास त्याचें कारणहि कळणार नाहीं. म्हणून हंगामाच्या आरंभीं व मध्यें एक मिनिट पाणी फवारून तें मापांत धरावें. नव्या नोझलापेक्षां एकदशांशानें अधिक पडूं लागलें कीं नोझल बदलावें. पितळेचें नोझल लवकर झिजतें, पोलादाचें त्याहून उशिरा, व चिनी मातीच्या जातीचें सर्वांत उशिरा. अडकलेलें नोझल तारेनें टोंचूं नये, छिद्र मोठें होतें. आणि तोंडानें फुंकून तर कदापि साफ करूं नये. मऊ ब्रश व पाण्याची बाटली पंपाबरोबर ठेवावी.

विकत घेतांना

पंप घेतांना दुकानांतच पाणी भरून पाहावा. झांकण लावून टाकी पुढें कलती करावी. एकहि थेंब येतां कामा नये. हापसून दाब भरावा व चाप सोडून द्यावा. नोझल व सांधे कोरडे राहिले पाहिजेत. झांकणाची झडप, वायसरें व नोझलें सुटीं मिळतात कीं नाहीं हें विचारावें, आणि एक जोड त्याच वेळीं घ्यावा. दुकानदार पाणी भरूं देण्यास नाखूष असेल तर दुसरें दुकान गांठावें.

"मजूरच हयगय करतात, पंप सुधारून काय होणार?" असें कांहीं सद्गृहस्थ म्हणतात. हयगय होत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गळका पंप ज्याच्या पाठीवर आहे त्यास सावधगिरीचा उपदेश करणें म्हणजे फुटक्या नावेंत बसविलेल्या माणसास पाय ओले करूं नको म्हणून सांगणें होय. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा व तोंडावरील पट्टी देण्याची जबाबदारी मालकाकडे येते. कीटकनाशकांविषयींच्या १९७१ च्या नियमांत संरक्षक कपड्यांची तरतूद आहे. परंतु हे कपडे शेवटचें कुंपण आहेत. पहिलें कुंपण म्हणजे न गळणारा पंप.

आमच्या पंपाचें झांकण, वायसर व चापाची झडप बदलून, दांडीवर चकती चढवून, आम्हीं निळीची परीक्षा पुन्हां घेतली. पाठ कोरडी निघाली व हातावर ओघळ नव्हता. पायांवरचे ठिपके मात्र कमी झाले तरी राहिलेच. ते मागच्या नळीवांचून जाणार नाहींत, आणि ती करण्याचें आम्हीं ठरविलें आहे. प्रत्येक वाचकानें पुढल्या फवारणीपूर्वीं एक पांढरा सदरा व चिमूटभर नीळ घेऊन आपल्या पंपाची हीच परीक्षा घ्यावी. आणि शक्य असेल तर तो सदरा त्या दिवशीं स्वतःच अंगांत घालावा.